पाण्यातून इंधन : हरित हायड्रोजन आपल्या काय कामाचा?

सीमाभागातील पुष्कळ घरांत एक भावंड मराठी माध्यमात, तर दुसरे कन्नड माध्यमात शिकत असते. एकाच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'हायड्रोजन' असतो, दुसऱ्याच्या पुस्तकात तोच वायू 'जलजनक' या नावाने भेटतो. जुन्या मराठी पुस्तकांतून त्याला 'उद्जन' म्हटलेलेही सापडते. अर्थ एकच, पाण्याला जन्म देणारा. १७६६ साली इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी या ज्वलनशील वायूचा पद्धतशीर अभ्यास केला आणि पुढे फ्रान्सच्या लाव्हाझिए यांनी ग्रीक शब्दांवरून त्याचे नामकरण केले. हा वायू हवेत जळला की धूर निघत नाही, राख उरत नाही, तयार होते ते फक्त पाणी. कन्नड भाषेने तो अर्थ जसाच्या तसा नावात ठेवला आहे.

गेली काही वर्षे या जलजनकाच्या मागे 'हरित' हे विशेषण लागले आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली आणि त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद केली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन तयार करण्याची क्षमता उभारायची, असे उद्दिष्ट ठरले. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारनेही आपले स्वतंत्र धोरण जाहीर करून त्यासाठी ८,५६२ कोटी रुपये ठरवले. तेव्हापासून वर्तमानपत्रांत, भाषणांत आणि शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत हा शब्द सारखा ऐकू येतो. साहजिकच लोक विचारतात, मग आता घरचा सिलिंडर जाणार का? मोटारसायकल पाण्यावर चालणार का? वीजबिल कमी होणार का?

या तिन्ही प्रश्नांचे उत्तर जवळपास 'नाही' असे आहे. पण म्हणून हरित हायड्रोजन निरुपयोगी ठरत नाही. त्याची खरी गरज घरात नाही, तर शेताला लागणाऱ्या खतात आणि आपल्या घाटातून जाणाऱ्या कोळशाच्या मालगाड्यांत आहे. ते कसे, हे थोडा हिशेब मांडून पाहू.

हायड्रोजन सापडत नाही, करावा लागतो

कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू ही जमिनीतून काढायची इंधने. हायड्रोजनचे तसे नाही. तो सृष्टीत भरपूर आहे, पण बहुतेक सगळा पाण्यात किंवा इतर पदार्थांत बांधलेला. त्याला तिथून सोडवायचे तर ऊर्जा खर्च करावी लागते. म्हणून हायड्रोजन म्हणजे ऊर्जेची खाण नव्हे. दुसरीकडे तयार झालेली ऊर्जा भरून नेण्याचे ते भांडे आहे. भांड्यात काय भरले, यावर त्याची किंमत.

आपल्या देशात आजही वर्षाला काही दशलक्ष टन हायड्रोजन वापरला जातो. तो मुख्यतः तेलशुद्धीकरण कारखान्यांत आणि खतांच्या कारखान्यांत लागतो. हा हायड्रोजन नैसर्गिक वायूवर वाफेची प्रक्रिया करून काढतात आणि असा १ किलो हायड्रोजन मिळवताना साधारण ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. याला 'करडा' हायड्रोजन म्हणतात. तोच कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीखाली साठवला तर 'निळा'. आणि सूर्य, वारा अशा स्रोतांच्या विजेने पाण्याचे विघटन करून मिळवला तर 'हरित', कन्नडमध्ये 'हसिरु जलजनक'. वायू स्वतः रंगहीनच असतो. हे रंग त्याच्या जन्माची हकिकत सांगण्यापुरते आहेत.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने हरित हायड्रोजनची व्याख्या ठरवली. १ किलो हायड्रोजनमागे जास्तीत जास्त २ किलो कार्बन डायऑक्साइड, तेही बारा महिन्यांच्या सरासरीने. ही अट महत्त्वाची का, ते पाहा. पाण्यापासून १ किलो हायड्रोजन काढायला आजच्या यंत्रांना ५० ते ५५ युनिट वीज लागते. आपल्या देशातील वीज अजून मोठ्या प्रमाणावर कोळशाची आहे. सरासरी एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे तारेवरची साधी वीज घेऊन हायड्रोजन केला, तर किलोमागे ३५ किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड होईल. करड्या हायड्रोजनच्या साडेतीन पटीहूनही अधिक! यंत्र तेच, पाणी तेच, पण वीज काळी असेल तर हायड्रोजनही काळाच.

सिलिंडरचा हिशेब

आता स्वयंपाकघराकडे वळू. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि त्यात सुमारे १८० युनिट विजेइतकी ऊर्जा असते. तेवढीच ऊर्जा हायड्रोजनमधून हवी असेल तर साडेपाच किलोच्या आत-बाहेर हायड्रोजन पुरेल. वजनाने तो हलका, हे खरे. पण हा हायड्रोजन तयार करायला २८० ते २९० युनिट वीज खर्ची पडेल. शिवाय साध्या दाबाला एवढा वायू ठेवायचा म्हटले तर दहा बाय दहा फुटांच्या दोन खोल्याही पुरणार नाहीत. तो शेकडो पट दाबाखाली कोंबावा लागतो किंवा उणे २५३ अंश सेल्सियसपर्यंत थंड करून द्रवरूप करावा लागतो. या दोन्ही गोष्टींना पुन्हा वीज लागते.

याउलट तेवढाच स्वयंपाक विजेच्या इंडक्शन शेगडीवर केला तर सव्वाशे ते दीडशे युनिट पुरतात, कारण गॅसच्या ज्योतीची बरीच उष्णता भांड्याच्या बाजूने उडून जाते आणि इंडक्शनमध्ये ती भांड्यातच तयार होते. म्हणजे जी वीज थेट शेगडीला देता येते, तिचा आधी हायड्रोजन करायचा आणि मग तो जाळायचा, हा द्राविडी प्राणायाम झाला. सुरत जिल्ह्यातील कवास येथे एनटीपीसीने जानेवारी २०२३ पासून वसाहतीच्या पाइपगॅसमध्ये थोडा हरित हायड्रोजन मिसळून पाहिला आहे. प्रयोग म्हणून ते ठीक. पण घरोघरच्या चुलीसाठी हा मार्ग फायद्याचा नाही.

गाड्यांचेही तेच. १०० युनिट विजेने बॅटरी भरली तर त्यातील सत्तरच्या आसपास युनिट चाकापर्यंत पोहोचतात. तीच वीज हायड्रोजन करून, दाबून, गाडीत भरून, इंधनघटातून पुन्हा वीज करून चाकाला दिली तर तीसच्या आसपास उरतात. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी कंपनी यांनी मिळून ऑगस्ट २०२२ मध्ये देशी बनावटीची हायड्रोजन बस दाखवली. त्यामागचे संशोधन अभिमानाचेच आहे. परंतु शहरातल्या बसगाडीसाठी आणि दुचाकीसाठी बॅटरीच स्वस्त पडते आहे. जर्मनीच्या लोअर सॅक्सनी प्रांताने २०१८ मध्ये जगातील पहिली हायड्रोजनवरची प्रवासी रेल्वे सुरू केली, पण २०२३ मध्ये त्याच प्रांताच्या रेल्वे संस्थेने पुढच्या गाड्या बॅटरीच्या घ्यायचे ठरवले. ज्या लोहमार्गावर विजेची तार आहे तिथे तर हायड्रोजनचा प्रश्नच येत नाही.

थोडक्यात, जिथे वीज थेट पोहोचते तिथे वीजच वापरावी. हायड्रोजन ठेवावा तो वीज जिथे उपयोगी पडत नाही तिथे. अशी दोन मोठी ठिकाणे आहेत, खत आणि पोलाद. दोन्हींशी आपला रोजचा संबंध आहे.

नंगलचा विसरलेला धडा

हरित हायड्रोजन ही अगदी नवी कल्पना आहे, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात विजेने पाण्याचे विघटन करण्याचा प्रयोग १८०० सालचा. पुढे १९२३ मध्ये केंब्रिजमधील एका व्याख्यानात जे. बी. एस. हाल्डेन यांनी असे भाकीत केले होते की, कोळसा संपेल तेव्हा पवनचक्क्यांच्या रांगा वीज करतील आणि जास्तीच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढून तो साठवला जाईल. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

ते भारतात असतानाच पंजाबात ही गोष्ट घडत होती. भाक्रा धरणाची वीज स्वस्तात मिळत होती. तिच्या जोरावर नंगल येथे १९६१ मध्ये खत कारखाना सुरू झाला. तिथे पाण्याचे विघटन करून हायड्रोजन काढत, त्यापासून अमोनिया आणि अमोनियापासून नत्रयुक्त खत बनवत. त्याच हायड्रोजनच्या आधारे १९६२ मध्ये देशातला पहिला जड पाण्याचा प्रकल्पही तिथे उभा राहिला. आजच्या भाषेत तो हरित हायड्रोजनच होता. फक्त तेव्हा त्याला हे नाव नव्हते.

मग तो मागे का पडला? कारण साधे आहे. गावोगाव दिवे आले, शेतीपंप आले, कारखाने वाढले आणि धरणाच्या विजेला मागणी आली. एवढी वीज एका खत कारखान्याला देणे परवडेना. खनिज तेल आणि वायूपासून हायड्रोजन काढणे स्वस्त पडू लागले आणि नंगलही पुढे त्याच मार्गाने गेले. तंत्र नापास झाले नव्हते, विजेचा भाव नापास झाला होता.

आजही तोच मुद्दा आहे. युनिटला ४ रुपये धरले तर किलोभर हायड्रोजनला नुसती वीज दोनशे रुपयांच्या वर लागते. वीज अडीच रुपयांना मिळाली तर तोच खर्च सव्वाशे-दीडशे रुपयांवर येतो. यंत्राचा खर्च निराळा. त्यात सौर वीज दिवसाच मिळते, त्यामुळे यंत्र रात्रभर बसून राहते. आपल्याकडे पावसाळ्यात सूर्य रुसतो, पण सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याच्या पठारावर किंवा गदग परिसरात तेव्हाच वारा जोरात असतो. ऊन आणि वारा यांची जोडी जमली तर यंत्र जास्त तास चालते आणि किंमत उतरते. कर्नाटकाला या स्पर्धेत जागा आहे ती यामुळेच.

युरियाच्या पोत्यात दडलेला हायड्रोजन

उसाला, मक्याला, भाताला टाकायच्या युरियाचे पोते आता ४५ किलोचे असते. ते तयार करायला सुमारे २५ किलो अमोनिया लागतो आणि त्यात साडेचार किलोच्या आसपास हायड्रोजन असतो. म्हणजे हायड्रोजन आपल्या घरात नसला तरी शेतात कधीचा येऊन पोहोचला आहे. तो येतो मात्र नैसर्गिक वायूतून. देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा परदेशातून जहाजाने आणावा लागतो. गोव्यातील झुआरीनगरचा १९७३ पासूनचा खत कारखाना असो की मंगळूरजवळच्या पणंबूरचा, युरियाचे सारे गणित वायूच्या भावावर चालते. शेतकऱ्याला ते पोते सुमारे २६६ रुपयांना मिळत आले आहे. खरी किंमत त्याच्या कितीतरी पट असते आणि वरचा फरक सरकारी तिजोरी भरते. परदेशात युद्ध पेटले की वायू महागतो आणि अनुदानाचा आकडा फुगतो.

हे हायड्रोजन आपल्या उन्हा-वाऱ्यातून काढता आले तर हवेचे भले होईलच, पण खतासाठी परदेशावर विसंबणेही कमी होईल. त्या दिशेने पहिले ठोस पाऊल २०२५ मध्ये पडले. केंद्र सरकारच्या सोलर एनर्जी कॉर्पोरेशनने देशातील १३ खत कारखान्यांसाठी वर्षाला ७ लाख २४ हजार टन हरित अमोनियाच्या पुरवठ्याचे लिलाव केले. बोली किलोमागे साधारण ५० ते ६५ रुपयांच्या दरम्यान आल्या. वर्षभरापूर्वी कोणी एवढा कमी भाव धरला नव्हता. अर्थात लिलावात भाव निघणे आणि कारखाना उभा राहून माल मिळणे यांत अंतर असते. ते पुढील काही वर्षांत कळेल.

युरियात एक गंमतीची अडचण मात्र आहे. युरिया करायला अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइडही लागतो. आजच्या कारखान्यात तो नैसर्गिक वायूतूनच आपसूक मिळतो. हायड्रोजन पाण्यातून घेतला की हा कार्बन डायऑक्साइड येणार कुठून? म्हणून हरित अमोनियाचा पहिला वापर डीएपीसारख्या खतांत होतो आहे, त्यांना कार्बन डायऑक्साइड लागत नाही.

इथे आपल्या ऊसपट्ट्याने लक्ष द्यावे. बेळगाव, बागलकोट, कोल्हापूर, सांगली या जिल्ह्यांत साखर कारखान्यांच्या जोडीला इथेनॉलचे प्रकल्प उभे आहेत. मळी किंवा रस आंबवून इथेनॉल करताना जवळपास इथेनॉलच्या वजनाइतकाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि तो बराच शुद्ध असतो. एका युरियाच्या पोत्याला ३३ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. सुमारे ४४ लिटर इथेनॉल तयार होताना तेवढा सुटतो. उसाने हवेतून घेतलेलाच तो कार्बन. तो पकडून वापरता येईल का, हा प्रश्न या भागातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि कारखान्यांच्या संचालक मंडळांनी आतापासून हाती घ्यावा असा आहे.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने आणखी एक वाट दाखवली आहे. तिथल्या प्रा. दासप्पा यांच्या गटाने २०२२ मध्ये जैविक पदार्थांचे प्राणवायू आणि वाफेच्या साहाय्याने वायूकरण करून १ किलो बायोमासपासून १०० ग्रॅम हायड्रोजन मिळवल्याचे जाहीर केले. बायोमासमध्ये मुळात ६० ग्रॅमच हायड्रोजन असतो, उरलेला वाफेतून येतो. बगॅस आपले कारखाने आधीच बॉयलरमध्ये जाळून वीज करतात, त्यामुळे तो मोकळा नाही. पण उसाचे पाचट, कन्नड शेतकरी ज्याला रवदी म्हणतात, ते अनेक शेतांत अजून पेटवून दिले जाते. ते गोळा करून आणण्याचा खर्च मोठा आहे आणि शेतात कुजवले तर जमिनीलाही ते हवेच असते. तरीही पेटवून देण्यापेक्षा दोन्ही उपयोग बरे.

लोंढ्यावरून जाणारा कोळसा

खतानंतर पोलाद. वास्कोच्या मुरगाव बंदरात परदेशी कोळसा उतरतो. तिथून मालगाड्यांनी कुळें, दूधसागरचा घाट, कॅसलरॉक, लोंढा, धारवाड, हुबळी असा प्रवास करत तो बळ्ळारी जिल्ह्यातील तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्यापर्यंत जातो. वास्कोतल्या लोकांची कोळशाच्या भुकटीविषयीची तक्रार जुनी आहे. या मार्गाचे दुपदरीकरण करायचे ठरले तेव्हा मोलेच्या जंगलासाठी गोव्यात मोठे आंदोलन झाले. नोव्हेंबर २०२० च्या पहिल्या रात्री चांदर येथे लोक रुळांपाशी जमले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळें या टप्प्याला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली.

दुसऱ्या बाजूला हेही खरे की पोलादावाचून कोणाचेच चालत नाही. घराची सळई, नांगराचा फाळ, पूल, रेल्वेचा रूळ, एवढेच काय, पवनचक्कीचा खांबही पोलादाचाच. मग एवढा कोळसा कशासाठी? तो फक्त भट्टी तापवण्यासाठी नसतो. लोहखनिजात लोखंड प्राणवायूशी बांधलेले असते. कोळशातला कार्बन तो प्राणवायू ओढून घेतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. म्हणून नुसती वीज देऊन हे काम होत नाही. प्राणवायू ओढून घेणारा कोणीतरी हवाच. हायड्रोजन ते काम करू शकतो, आणि तेव्हा धुराड्यातून बाहेर पडते ते पाणी. स्वीडनमध्ये हायब्रिट या प्रकल्पाने अशा रीतीने केलेले पोलाद २०२१ मध्ये व्होल्व्हो कंपनीला दिले.

तोरणगल्लूलाही २०२५ च्या अखेरीस जेएसडब्ल्यू समूहाने वर्षाला ३,८०० टन हरित हायड्रोजन देणारा प्रकल्प सुरू केला. तो वायू तिथेच लोखंड तयार करण्यासाठी जायचा आहे. ही बातमी आनंदाची आहे, पण तिचे मोजमापही पाहावे. पूर्ण हायड्रोजनवर १ टन पोलाद करायचे तर ५० ते ५५ किलो हायड्रोजन लागतो. म्हणजे ३,८०० टनांत सुमारे ७० हजार टन पोलाद. तोरणगल्लूची क्षमता १ कोटी टनांहून अधिक आहे. शंभरातला एक भागही नाही! शिवाय तिथल्या जुन्या पद्धतीच्या झोतभट्ट्या पूर्णपणे हायड्रोजनवर चालू शकत नाहीत, त्यासाठी भट्टीच निराळी लागते. तेव्हा घाटातून जाणारी कोळशाची गाडी उद्या बंद होईल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. पण ती कमी करण्याचा दुसरा मोठा मार्गही आज हाताशी नाही.

पाणी किती पिणार?

आपल्या भागात कोणताही कारखाना येणार म्हटले की पहिला प्रश्न पाण्याचा, आणि तो योग्यच आहे. रसायनशास्त्राच्या हिशेबाने १ किलो हायड्रोजनला ९ लिटर शुद्ध पाणी लागते. पाणी शुद्ध करताना जाणारे आणि यंत्रे थंड ठेवायला लागणारे धरले तर २० ते ३० लिटर म्हणावे. देशाचे ५० लाख टनांचे सगळे उद्दिष्ट पुरे झाले तरी वर्षाला साडेतीन ते सव्वापाच टीएमसी पाणी लागेल. आपल्या हिडकल जलाशयाची क्षमता ५१ टीएमसी आहे. म्हणजे साऱ्या देशाच्या दृष्टीने हे पाणी थोडे आहे आणि उसाच्या तहानेपुढे तर फारच थोडे.

पण पाणी साऱ्या देशाचे एका जागी नसते. हुबळी-धारवाडसाठी कळसा-भांडुरा मार्गे म्हादईचे ३.९ टीएमसी पाणी वळवण्यावरून तीन राज्यांत किती वर्षे वाद चालला, हे आपण पाहिले आहे. जो आकडा देशाला किरकोळ, तोच एका खोऱ्याला जड. म्हणून असे प्रकल्प समुद्रकिनारी खारे पाणी गोडे करून, किंवा शहराचे सांडपाणी शुद्ध करून चालवणे शहाणपणाचे. नदीचे, विशेषतः उन्हाळ्यात पिण्यासाठी राखलेले पाणी त्याला देणे नव्हे.

भीती किती, काळजी किती

हायड्रोजन म्हटले की जुन्या लोकांना ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत पेटलेले हिंडेनबर्ग हे हवाई जहाज आठवते. त्यात ३६ जणांचा बळी गेला. आपल्याकडे जत्रेत फुगे भरणाऱ्यांच्या घरगुती टाक्या फुटून अपघात झाले आहेत, तेही बहुधा हायड्रोजनमुळेच. हा वायू हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात मिसळला तरी पेट घेऊ शकतो, त्याला वास नाही आणि त्याची ज्योत दिवसा डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. जमेची बाजू ही की तो अतिशय हलका असल्याने मोकळ्या जागेत झटकन वर निघून जातो. आपल्या सिलिंडरच्या गॅससारखा जमिनीलगत साचून राहत नाही. तेलशुद्धीकरण आणि खत कारखाने तो कित्येक दशके हाताळत आले आहेत. शिकलेल्या माणसांच्या हाती, नीट बांधलेल्या कारखान्यात तो सांभाळता येतो. गल्लीबोळात मात्र तो नको. 'पाण्यावर चालणारी गाडी' किंवा 'पाण्याने पेट्रोल वाचवणारे किट' विकणाऱ्यांपासूनही चार हात दूर राहावे. पाण्यातून हायड्रोजन काढायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी तो जळताना कधीच परत देत नाही.

प्रकल्प आला तर काय विचारावे?

येत्या काळात किनारपट्टीवर, बळ्ळारी-कोप्पळकडे किंवा आपल्या ऊसपट्ट्यात हरित हायड्रोजनचे प्रस्ताव आले तर ग्रामसभेत आणि जनसुनावणीत चार प्रश्न सरळ विचारावेत. वीज कुठून घेणार, आणि ती नव्याने उभारलेल्या सौर-पवन प्रकल्पाची आहे की आमच्या पंपांच्या वाट्याची? पाणी कुठले, आणि उन्हाळ्यात काय करणार? तयार झालेला हायड्रोजन कोणत्या कामाला जाणार, खताला, पोलादाला, की नुसताच जाहिरातीला? आणि पवनचक्क्यांसाठी, सौर पट्ट्यांसाठी ज्यांची जमीन जाणार त्यांना वर्षानुवर्षे काय मिळणार? या चारही प्रश्नांना आकड्यांत उत्तर मिळाले तर त्या प्रकल्पाचे जरूर स्वागत करावे. नंगलचा कारखाना तंत्रामुळे नव्हे तर विजेच्या वाटणीमुळे मार्ग बदलून गेला, हे ध्यानात ठेवले तर पहिला प्रश्न सर्वांत आधी का विचारायचा, तेही कळेल.

बालमित्रांसाठी : घरी करून पाहा

हा प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीखाली, खिडकीजवळ करावा. एका काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा. मीठ घालू नका. मिठाच्या पाण्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. दोन पेन्सिलींना दोन्ही टोकांकडून तासून शिसे उघडे करा. त्या पुठ्ठ्याच्या तुकड्यात एकमेकींपासून दूर रोवून पेल्यावर ठेवा, म्हणजे खालची टोके पाण्यात बुडतील. वरच्या टोकांना तारा बांधून त्या ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडा. घरातली प्लगची वीज कधीही वापरू नका. थोड्याच वेळात दोन्ही टोकांशी बुडबुडे येऊ लागतील. ऋण टोकाकडे हायड्रोजन, धन टोकाकडे प्राणवायू. कुठे जास्त बुडबुडे येतात ते नीट पाहा. हायड्रोजन प्राणवायूच्या दुप्पट निघतो, कारण पाण्याच्या प्रत्येक रेणूत त्याचे दोन अणू असतात आणि प्राणवायूचा एक. बुडबुड्यांजवळ काडी पेटवू नका आणि प्रयोग झाला की बॅटरी काढून ठेवा.